अमस्याचे शंभर किक्कार : आज्ञा पाळली, पण मन कुठे होतं?

सायंघंटा

परवाच्या रविवारी आमच्या नगरच्या देवळात पाळकसाहेबांनी बायबलातल्या २ इतिहासाचा पंचविसावा अध्याय घेतला. यहूदाचा राजा अमस्या. तरुण संघातल्या पोरांना तर हे नावच माहीत नव्हतं. मीही याच्या आधी तो अध्याय कधी नीट वाचला असेन असं वाटत नाही.

अमस्या पंचविसाव्या वर्षी गादीवर बसला, एकोणतीस वर्षं राज्य केलं. त्याच्याबद्दल सुरुवातीलाच लिहून ठेवलंय की परमेश्वराच्या दृष्टीने जे योग्य ते त्याने केलं, पण पूर्ण मनाने केलं नाही. केलं तर आहे, चुकीचंही काही केलेलं नाही, तरी शेरा हा.

पुढची गोष्ट अशी. अदोमावर चाल करायची म्हणून त्याने यहूदातले तीन लाख लढवय्ये मोजले. ते पुरेसे वाटेनात म्हणून इस्राएलातून आणखी एक लाख माणसं शंभर किक्कार रुपं देऊन भाड्याने आणली. देवाचा माणूस येऊन म्हणाला, यांना नेऊ नकोस. त्यावर अमस्याने जे विचारलं ते ऐकून मी बाकावर सावरून बसलो. तो म्हणाला, मग त्या शंभर किक्कारांचं काय? ते तर मी देऊन बसलो! देवाचा माणूस म्हणाला, परमेश्वर तुला त्याहून पुष्कळ देऊ शकतो. अमस्याने ऐकलं. माणसं परत पाठवली.

आता माझं. सहा वर्षांपूर्वी मी धाकट्या भावाच्या नावे वडिलोपार्जित अडीच गुंठ्यांचं हक्कसोडपत्र करून दिलं. आमच्यात तीन वर्षं बोलणं बंद होतं. मत्तय ५:२३-२४ माझ्या मागेच लागलं होतं, दान वेदीपाशी ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. प्रभुभोजनाच्या रविवारी भाकर हातात घेववेना. शेवटी निबंधक कार्यालयात जाऊन सही केली. त्या दिवशी घरी येऊन प्रार्थना केली, रडलोही.

नंतर रस्ता रुंद झाला. भाव कुठे गेला ते विचारू नका. दर नाताळात भावाकडे करंज्या घेऊन जातो, गळाभेट होते, आणि परत येताना त्या कोपऱ्यावर गाडी आपोआप हळू होते. मागच्या नाताळात बायको म्हणाली, "सही केलीत तुम्ही, पण ते गुंठे अजून तुमच्याच डोक्यात आहेत. तिथला उतारा कधी बदलायचा?"

म्हणून विचारतोय. आज्ञा पाळून झाली, कागद झाला, भाऊ खूश आहे. तरी हे अमस्याचंच झालं का? की मन मागाहून येतं, आणि तोवर हातांनी केलं तेवढं पुरे? दोन्ही बाजूंनी लिहा. नुसतं "प्रार्थना करा दादा" नको, ती चालू आहे.

मध्यरात्रीचा_वाचक

वाचतोय. शंभर किक्कार म्हणजे किती हो?

शब्दवेडा

एक किक्कार साधारण चौतीस किलो धरतात. म्हणजे शंभरचे झाले तीन टनांच्या वर रुपं. अमस्याने विचारलं यात नवल नाही, मीही विचारलं असतं.

सायंघंटा, तुमच्या प्रश्नात भाषेची एक गंमत दडलीय, ती सांगतो. "पूर्ण मनाने नाही" इथे हिब्रूत शब्द आहे लेवाव शालेम. शालेम म्हणजे अखंड, भग्न न झालेलं. शालोम त्याच धातूतून. आणि त्याच धातूपासून हिब्रूत देणं फेडण्याचं क्रियापदही होतं. आपल्याकडे हिशेब "चुकता" करतात तसं. अमस्याचा व्यवहार झाला, पण मनाचं खातं उघडंच राहिलं. तुमच्या वहिनींनी उताऱ्याची उपमा दिली ती मूळ शब्दाच्या किती जवळ गेलीय बघा. हिब्रू न शिकता.

दुसरं, "आज्ञापालन" हा शब्द मला पोलीस कवायतीसारखा वाटतो. बायबलात बहुतेक ठिकाणी त्याच्यामागे साधं "ऐकणं" आहे. हिब्रूत शमा, म्हणजे कानांनी ऐकणं आणि म्हटल्याप्रमाणे वागणं, दोन्हीला एकच शब्द. ग्रीकमधला शब्दही ऐकण्यावरूनच घडलाय. मराठीला हे समजावून सांगावंच लागत नाही. आई "ऐकत नाही कार्टं" म्हणते तेव्हा पोराचे कान बरे असतात. "यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे" याच्या पुढचा अर्धा भाग आपण कमी म्हणतो, त्यात वचन *ऐकणे* आहे.

वचनदत्त देश हेरायला गेलेल्या कालेबबद्दल मात्र वेगळाच वाक्प्रचार येतो. तो परमेश्वराच्या मागे "भरून" गेला, असं शब्दशः. घागर भरावी तसं.

किनारपट्टी

वसईहून. आमच्याकडे हा प्रश्न घरातच आहे. माझी मावशी सिस्टर आहे, व्रतं घेऊन चाळीस वर्षं होऊन गेली. दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. लोकांना वाटतं की मधलं सगळ्यात अवघड. मावशी म्हणते, तिसरं. पहिली दोन एकदा सवयीची होतात, तिसरं दर बदलीच्या पत्राला नव्याने घ्यावं लागतं.

एका आदिवासी पाड्यावरच्या शाळेत ती अकरा वर्षं होती. पोरींना शिवण, हिशेब शिकवलं, सगळा पाडा ओळखायला लागला. आणि पत्र आलं की अमुक ठिकाणच्या कॉन्व्हेंटच्या कार्यालयात रुजू व्हा. तिने वरिष्ठांना लिहिलं की मला हे पटत नाही, कारणं ही ही. उत्तर आलं, विचार केला, तरी या. ती गेली. एक ट्रंक. आम्ही घरचे चिडलो होतो. मी तेव्हा कॉलेजात, फार शहाणी. तिला म्हटलं, मनातून पटलं नाही तरी गेलीस, हा ढोंगीपणा नाही का? ती म्हणाली, "पटणं वेगळं आणि देणं वेगळं. मला पटलं नव्हतं, पण मी हातचं राखून गेले नाही. गेल्यावर तिथल्या फायली मी अशा लावल्या की कोणालाही सापडाव्यात."

फायली लावण्याचं तेवढं माझ्या लक्षात राहिलंय. सायंघंटा, मला वाटतं मनाची परीक्षा सहीच्या दिवशी होत नाही. नंतर फायली कशा लावता त्यावर होते.

पुन्हा_शून्य

इथे गोड गोड चाललंय म्हणून थोडं कडू लिहितो. रागावू नका.

"संपूर्ण मनाने आज्ञापालन" हे शब्द मी आठ वर्षं ऐकले. शहरातली एक छोटी मंडळी, नाव लिहिणार नाही. तिथले प्रमुख आम्हाला देवाची इच्छा सांगायचे. कोणी कोणाशी लग्न करायचं, कोणती नोकरी सोडायची, पगारातलं किती कुठे द्यायचं. दशमांश ही तर सुरुवात. माझी बढती दुसऱ्या गावी होती, ती "देवाच्या इच्छेत नाही" म्हणून मी नाकारली. माझ्या बायकोला तिच्या आईशी बोलणं कमी करायला सांगितलं, कारण सासूबाई "जगिक". प्रश्न विचारला की ठरलेलं उत्तर यायचं, हव्वेनेही प्रश्न विचारला होता. (प्रश्न सापाने विचारला होता. हव्वेने उत्तर दिलं होतं. तेवढंही वाचलेलं नव्हतं.)

अर्धवट मन हा रोग असेल. पण माझ्या बाबतीत जे अर्धं मन मागे राहिलं होतं त्यानेच मला वाचवलं. ते कुरकुरत राहिलं म्हणून मी बाहेर पडलो. मग त्या कुरकुरीला पाप म्हणायचं का?

आणि शौल राजाला अमालेकी लोकांचा समूळ नाश करायला सांगितलं होतं, त्या प्रकरणावरून आज्ञापालन शिकवणाऱ्यांना माझा प्रश्न. त्या आज्ञेत लहान मुलंही होती. १ शमुवेल १५, वचन ३. तिथे पूर्ण मनाने ऐकणारा माणूस मला शेजारी नको.

मृद्गंध

पुन्हा_शून्य, रागावायचं कशाला. आमच्या नात्यात एकीचं असंच झालं. मिठी.

सुईदोरा

पुन्हा_शून्य यांच्या प्रश्नाला पंडिता रमाबाईंकडून उत्तर मिळतं असं मला वाटतं. माझं बालपण दौंड तालुक्यात गेलं, केडगावचं मुक्ती मिशन आम्हाला शाळेच्या सहलीचं ठिकाण. तेव्हा लक्षात राहिली ती फक्त तिथली शांतता. रमाबाई मोठेपणी वाचल्या.

१८८३ साली इंग्लंडमधे वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या सिस्टरांनी त्यांना आश्रय दिला, शिकवलं. आणि मग खटके उडायला लागले. कारण सिस्टरांची अपेक्षा होती की नव्या ख्रिस्ती बाईने चर्चच्या अधिकाऱ्यांचं मुकाट ऐकावं. रमाबाईंनी पत्रातून साफ कळवलं की एका पुरोहितवर्गाचं जू मी मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलंय, आता तसलंच दुसरं घ्यायला मी तयार नाही. देवाचं ऐकीन, पण देवाची आज्ञा कोणती ते तुम्ही परस्पर ठरवायचं नाही. पंचविशीतली विधवा, परका देश, कडेवर मनोरमा, आणि जेवणखाण त्याच लोकांच्या हातात.

आता त्याच बाईंचं दुसरं रूप. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. हाती पैसा नव्हता. त्यांचे आईवडील १८७० च्या दशकातल्या उपासमारीतच गेले होते, दुष्काळ म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून एकटीने बायबलचं मराठी भाषांतर केलं. ते मुक्तीच्या छापखान्यात आश्रमातल्या बायकांनीच छापलं. १९२१ ला मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई. संपूर्ण बायबल छापून निघालं १९२४ साली.

माणसांचं सगळ्यात कमी ऐकणारी बाई देवाचं सगळ्यात जास्त ऐकत होती. मला यात विरोधाभास दिसत नाही. ज्याला एकाचंच ऐकायचंय त्याला बाकीच्यांना नाही म्हणावंच लागतं. तुमची कुरकुर त्या जातीची होती.

पुन्हा_शून्य

सुईदोरा, आभार. "परस्पर ठरवायचं नाही" हे लिहून ठेवलं. अमालेकी मात्र राहिलेच.

आजोबा_७४

जय ख्रिस्त मंडळी. टायपिंग सावकाश होतं, सांभाळून घ्या.

अमालेक्यांबद्दल मी उत्तर देणार नाही. चाळीस वर्षं शब्बाथशाळा शिकवली, तो अध्याय आला की माझा आवाज आपोआप खाली जायचा. कोणी म्हणतं युद्धाची भाषा तशीच असे, कोणी म्हणतं तो काळच वेगळा. मी मुलांना दोन्ही सांगितलं आणि हेही सांगितलं की सर अडकलेत. अडकलेल्या सरांवर मुलांचा विश्वास जरा जास्तच बसतो असं पाहिलंय.

पण पुन्हा_शून्य, एक गोष्ट बघा. संदेष्टा शमुवेल शौलाला ज्याबद्दल धरतो ते दयेबद्दल नाही. शौलाला दया आली असती तर गोष्ट वेगळी होती. त्याने माणसं मारलीच. राखले कोण? राजा अगाग आणि उत्तम उत्तम मेंढरं, बैल. टाकाऊ तेवढं नष्ट केलं. वर कर्मेलात स्वतःचं स्मारक उभारून आला. आणि विचारल्यावर म्हणतो, लोकांनी ठेवलंय, "तुझा देव परमेश्वर" याला यज्ञ करायला. *तुझा* देव. माझा नाही म्हणाला. एकदा नाही, त्याच अध्यायात तीनदा. मला शौलाचं अर्धं मन त्या एका शब्दात दिसतं. दया म्हणून थांबलेला हात आणि फायदा म्हणून थांबलेला हात, यांत फरक करा एवढंच म्हणतो.

सायंघंटा, तुम्ही अमस्याची गोष्ट अर्धीच सांगितलीत. परत पाठवलेले ते एक लाख लोक संतापले, त्यांनी शोमरोनापासून बेथ-होरोनापर्यंत यहूदाची गावं लुटली, तीन हजार माणसं मारली. म्हणजे ऐकल्याबद्दल अमस्याचे किक्कार गेले आणि वर गावंही गेली. "पुष्कळ देईल" म्हणाला होता ना देव? तिकडे अदोमाची लढाई जिंकली खरी, पण येताना सेईरच्या लोकांचे देव घेऊन आला आणि त्यांच्यापुढे धूप जाळायला लागला. ज्यांना हरवलं त्यांचे देव! लोक याला मूर्खपणा म्हणतात. मला वाटतं तो रुसला होता. ऐकूनही नुकसान झालं, मग दुसरं दुकान बघू.

तुमचा रस्ता रुंद झाला म्हणता. धाग्यावर पाहतोय, तुम्ही रुसलेले वाटता.

सायंघंटा

काका, हे वाक्य वाचून मोबाईल उपडा ठेवला आणि गच्चीवर जाऊन आलो. रुसलोय. शब्द सापडला.

वारीतला

मी ख्रिस्ती नाही, माळकरी घरातला. धागा आवडला म्हणून आगाऊपणा करतो.

आमच्याकडे यावर एकच म्हण, एकादशी अन् दुप्पट खाशी. उपास मोडला असं कोणी म्हणू शकत नाही, साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा लाडू, रताळी, सगळं शास्त्रात बसतं. आजी म्हणायची, उपास पोटाला घडला, जिभेला नाही.

अवांतर : ना. वा. टिळक तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत पोचलो असं सांगत, हे इथे माहीत असेलच. आमच्या गावात एका नाताळाला त्यांचे अभंग ऐकले होते, टाळ-मृदंगावर. पाच मिनिटं मला कळलंच नाही की हे आपलं कीर्तन नाही.

सुईदोरा

वारीतला, टिळकांचं नाव काढलंत म्हणून मनात बरेच दिवस असलेलं लिहिते. यावर लोक चिडतील.

टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत बाप्तिस्मा घेतला. पूर्ण मनाने, यात शंका नाही. पुढे १९१७ साली, वय पंचावन्नच्या पुढे असताना, मिशनचा पगार सोडून ते संन्यासी वृत्तीने राहिले, साताऱ्याला "देवाचा दरबार" काढला, दोन वर्षांत गेले. त्यांच्या संपूर्ण समर्पणावर किती संदेश ऐकलेत मी! पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० चा. मधल्या वर्षांत ताटातूट, माहेरची बोलणी, लेकरू घेऊन कोणाच्या ना कोणाच्या आधाराने राहणं. टिळकांनी आज्ञा पाळली, तिचं बिल लक्ष्मीबाईंकडे गेलं. त्या स्वतः पुढे आपल्या मर्जीने, आपल्या वाटेने आल्या हे खरं, आणि म्हणूनच त्या मला मोठ्या वाटतात. पण आधी त्यांना कोणी विचारलं होतं?

अब्राहाम पहाटे उठून गाढवावर खोगीर घालतो, मुलाला, इसहाकाला, बळी द्यायला घेऊन निघतो. त्याच्या आईला, सारेला, सांगितल्याचं त्या अध्यायात एक अक्षर नाही.

सायंघंटा दादा, स्पष्ट विचारते. अडीच गुंठ्यांवर सही करण्याआधी वहिनींना विचारलं होतंत?

किनारपट्टी

आई गं.

मध्यरात्रीचा_वाचक

पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, बाजूला ठेवले.

एक_फुल_एक_हाफ

विषय भलतीकडे चाललाय असं वाटतं. धागा समर्पणाचा आहे, स्त्रीमुक्तीचा नाही. स्कॉटिश धावपटू एरिक लिडेलचं उदाहरण घ्या ना. १९२४ चं पॅरिस ऑलिंपिक. शंभर मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी, म्हणून त्याने ती शर्यतच सोडली. देशातून टीका झाली, हटला नाही. मग चारशे मीटर धावला, जी त्याची खास शर्यत नव्हती, आणि ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक! जो माझा सन्मान करतो त्याचा मी सन्मान करीन. देव आज्ञा पाळणाऱ्याचं नुकसान होऊ देत नाही, थोडं थांबावं लागतं इतकंच.

आजोबा_७४

लिडेल मलाही प्रिय आहे. पण त्याची गोष्ट पदकापाशी थांबवू नका. पुढच्याच वर्षी तो चीनला गेला, जिथे त्याचा जन्म झाला होता, मिशनरी म्हणून. युद्धात जपान्यांनी वेईश्येनच्या छावणीत कोंडलं. बायको-मुली कॅनडात. तिथे तो पोरांना शिकवायचा, त्यांचे खेळ घ्यायचा. मेंदूत गाठ झाली, २१ फेब्रुवारी १९४५ ला गेला, वय ४३. छावणी सुटली त्याच ऑगस्टात. धाकट्या लेकीला त्याने पाहिलंसुद्धा नव्हतं.

पॅरिसला "नुकसान होऊ देत नाही" असं म्हणता येतं. वेईश्येनला म्हणून दाखवा. अमस्याला नेमकं हेच वाक्य उलगडलं नाही.

शब्दवेडा

आणि गेथशेमाने बागेत, येशू क्रुसाच्या आदल्या रात्री प्रार्थना करत होता तिथे, नुकसान टळलेलं नाही. "हा प्याला दूर कर" ही मागणी नामंजूर झाली. इब्री ५:८ तर म्हणतं, तो पुत्र असूनही दुःख सोसून आज्ञाधारकपणा *शिकला*. शिकला म्हणजे त्यालाही वेळ लागला, घाम गाळावा लागला. पटण्याच्या आधी देणं, हे किनारपट्टीच्या मावशी म्हणाल्या तेच.

ईशान्यवारी

बँकेच्या नोकरीत तीन वर्षं ऐझॉलला होतो. मोठमोठ्या नावांमधे एक छोटी गोष्ट टाकतो.

मिझो घरात भात टाकायच्या आधी बाई मापलेल्या तांदळातून एक मूठ काढून वेगळ्या डब्यात ठेवते. बुहफाई थाम म्हणतात. तो तांदूळ चर्चकडे गोळा होतो, विकला जातो, त्यातून मिशनचं काम चालतं. शंभर वर्षांहून जुनी पद्धत. आमच्या घरमालकीणबाईंना विचारलं, रोज आठवण राहते? त्या हसल्या. म्हणाल्या, आठवण लागत नाही, हात जातो.

यात एक बारकावा आहे. मूठ शिजवण्याच्या *आधी* काढायची. जेवून उरलं तर देऊ असं नाही. आणि ज्या दिवशी घरात तांदूळ कमी, त्या दिवशीही मूठ. मुठीचा आकार तोच, डबा मात्र लवकर रिकामा होतो.

कलस्सै ३:२३ मधला "जिवेभावे" हा शब्द मला तिथे कळला. तोवर मी तो लग्नपत्रिकेतल्या भाषेसारखा वाचायचो. पण आता शंका ही की "हात जातो" ही पूर्ण मनाची खूण की मन नसल्याची? सवय झाली की मन लागतं का?

किनारपट्टी

ईशान्यवारी, रोजरीबद्दल आमच्याकडे हाच वाद. माझी आई मणी ओढता ओढता गॅस बंद करायला सांगते. पण बाबा गेले त्या रात्री तिच्या तोंडातून दुसरं काही येत नव्हतं, आणि रोजरी येत होती. सवयीने ती जागा धरून ठेवली होती म्हणायचं. एसटीत रुमाल टाकतात तशी.

पुन्हा_शून्य

रुमाल आवडला.

माझं एक राहिलं होतं. देवदूताने मूल होणार असं सांगितलं तेव्हा मरियेनेही "हे कसे होईल?" विचारलं, जखऱ्यानेही जवळपास तेच विचारलं. तिला उत्तर मिळालं, त्याची वाचा गेली. मंडळीतून बाहेर पडलो तेव्हा मी जखऱ्यासारखा गप्प झालो होतो, दोन वर्षं प्रार्थना नाही. आता कधीकधी होते. मोठी नाही. बायको परत आईकडे जायला लागली तेव्हा पहिल्यांदा झाली.

सायंघंटा

सुईदोराताई, चार दिवस उत्तर दिलं नाही, कारण उत्तर "नाही" असं होतं.

विचारलं नव्हतं. सही करून आलो आणि जेवताना सांगितलं. वर साक्ष द्यावी तशा थाटात सांगितलं. आपण केवढं मोठं काम करून आलो असं वाटत होतं. तिने आमटी वाढली आणि "बरं" म्हणाली. त्या "बरं"चा अर्थ मी सहा वर्षं "आमेन" असा घेतला होता.

काल रात्री तिला हा धागा वाचून दाखवला, ताईंच्या प्रश्नासकट. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "विचारलं असतंत तर मीच म्हटलं असतं, द्या. भाऊजींच्या पोरांची शाळा त्या बाजूला आहे. पण मी दिलं नाही ना ते, तुम्ही दिलंत. म्हणून मला त्या कोपऱ्यावरून जाताना काहीच वाटत नाही, राग नाही आणि आनंदही नाही. माझं काही तिथे नव्हतंच."

म्हणजे मी दान वेदीवर ठेवलं त्यात अर्धं तिचं होतं, आणि मी रुसून बसलो होतो माझ्या अर्ध्यासाठी.

सुईदोरा

दादा, चारचौघांत हे लिहायला धैर्य लागतं. वहिनींना नमस्कार सांगा.

एक_फुल_एक_हाफ

मीही घरी विचारलं, आपण दशमांश देतो त्यात तुला कधी विचारलंय का. आता आमच्याकडे बजेट मीटिंग चालू आहे. धाग्याचे आभार म्हणू की काय म्हणू.

आजोबा_७४

😀 म्हणा, म्हणा.

सायंघंटा, तुमच्या पहिल्या प्रश्नाला राहून गेलेलं. मन मागाहून येतं का? कालेब चाळिसाव्या वर्षी हेर म्हणून देश पाहून आला. देश मिळाला तेव्हा तो पंचाऐंशीचा होता. यहोशवा १४ वाचा. मधली पंचेचाळीस वर्षं दुसऱ्यांच्या अविश्वासापायी रानात गेली, त्याचा स्वतःचा काही दोष नसताना. रुसायला यापेक्षा चांगलं कारण कोणाला मिळेल? आणि पंचाऐंशीव्या वर्षी मागतो काय, तर डोंगर. जिथे धिप्पाड अनाकी लोक अजून बसलेत तोच. सपाट जमीन मागितली असती तर कोणी नाही म्हटलं नसतं.

मी चौऱ्याहत्तरचा आहे आणि डॉक्टरने जिना चढू नका म्हणून सांगितलंय. तेव्हा हे मी कोणत्या अधिकाराने लिहितोय ते माहीत नाही.

मध्यरात्रीचा_वाचक

आजोबा, तुम्ही फक्त टाइप करा.

सायंघंटा

शेवटचं अपडेट, मग धागा वर आणत नाही.

काल संध्याकाळी आम्ही दोघं भावाकडे गेलो. नाताळ नाही, वाढदिवस नाही, म्हणून दार उघडताना भावजय घाबरली, कोणी गेलं का म्हणून. चहा झाला. भावाने त्या जागेवर पत्र्याची शेड टाकलीय, टायर पंक्चरचं दुकान भाड्याने दिलंय. मागच्या बाजूला वडिलांनी लावलेलं जांभळाचं झाड होतं, ते रस्त्याच्या कामात गेलं. हे मला माहीत नव्हतं. सहा वर्षं कोपऱ्यावर गाडी हळू करत होतो आणि झाड गेलेलं दिसलं नव्हतं. मी आकडेच बघत असणार.

बायको भावाला म्हणाली, "भाऊजी, ही जागा मी पण दिलीय तुम्हाला. सहा वर्षं उशिरा सांगते." त्याला काही कळलं नाही. म्हणाला, "हो वहिनी, बसा, भजी काढतोय."

मृद्गंध

जांभळाचं वाईट वाटलं.

सायंघंटा

हो. भाऊ म्हणाला, बुंध्याला फुटवा आलाय. पंक्चरवाला त्यावर सायकल टेकवतो.